एका भागाकाराचा इतिहास : देहाचे वजन आणि थकलेले हृदय

मराठीत 'वजन' हा शब्द दोन घरांत नांदतो. तराजूत पडते ते वजन एक. माणसाच्या शब्दाला, पदाला, घराण्याला असते ते वजन दुसरे. पहिले मोजता येते, दुसरे जाणवते. प्रस्तुत लेखात आम्हांला या दोन वजनांमधला एक विलक्षण व्यवहार पाहायचा आहे. तराजूवरच्या एका आकड्याला वैद्यकाच्या इतिहासात हळूहळू इतके वजन आले की, ज्याचे हृदय निकामी होत चालले आहे त्याला दुसरे हृदय मिळावे की नाही, या निर्णयात तो आकडा बोलू लागला. हा आकडा कोठून आला, कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मला, आणि ज्या प्रश्नासाठी तो जन्मलाच नव्हता त्याचे उत्तर देण्याच्या जागी तो कसा जाऊन बसला, हे शोधणे हा आमचा हेतू आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एखादे चिन्ह आपला मूळ संदर्भ सोडून दुसऱ्या संदर्भात गेले की त्याच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न आमच्या अभ्यासाच्या बाहेरचा नाही.

विफलता म्हणजे काय

प्रथम शब्दांविषयी. वृत्तपत्रांतील निधनवार्तांत 'हृदयक्रिया बंद पडून' असा प्रयोग येतो. त्यामुळे 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय एकाएकी थांबणे असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. वैद्यकाला अभिप्रेत असलेली हृदयविफलता ही घटना नसून अवस्था आहे. हृदय चालूच असते. मात्र देहाला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे त्याला झेपेनासे होते. मग मूत्रपिंडे पाणी आणि मीठ धरून ठेवतात, पायांवर सूज चढते, फुप्फुसांत पाणी साठते, आडवे झाले की धाप लागते. ही अवस्था वर्षानुवर्षे चालू शकते. औषधांनी ती आवरेनाशी झाली की तिला 'प्रगत' हृदयविफलता म्हणतात. तेथे प्रामुख्याने दोन उपाय उरतात: दात्याच्या हृदयाचे प्रत्यारोपण, किंवा हृदयाच्या डाव्या जवनिकेचे काम अंशतः उचलणारा, देहात बसवलेला पंप.

या दोन्ही दारांशी रुग्णाची अनेक प्रकारे पारख होते. मूत्रपिंडे, यकृत, फुप्फुसांतील रक्तदाब, मधुमेह, व्यसने, घरी सांभाळणारे कोणी आहे की नाही, हे सारे पाहिले जाते. त्या यादीत वजनही असते आणि ते एका भागाकाराच्या रूपाने येते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जे उत्तर येते त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय म्हणतात. १८.५ च्या खाली कृश, २५ पासून वजनदार, ३० पासून स्थूल, अशी त्याची रूढ प्रतवारी आहे.

पाणी की मांस

भागाकाराच्या आधी तराजू आला. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील सांतोरिओ या वैद्याने छताला टांगलेल्या काट्याला खुर्ची जोडली आणि तीत बसून तो वर्षानुवर्षे स्वतःचे, आपल्या अन्नाचे व मलमूत्राचे वजन करीत राहिला. खाल्ल्याप्यालेल्याचा बराच भाग नकळत देहाबाहेर जातो, असा त्याचा निष्कर्ष होता. १६१४ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सांतोरिओसाठी वजन म्हणजे एकाच देहाची रोजनिशी होती. आजचा देह कालच्या देहाशी ताडून पाहायचा; शेजाऱ्याच्या देहाशी नव्हे.

हृदयविफलतेच्या उपचारात ही रोजनिशी आजही जिवंत आहे. १७८५ साली इंग्लंडमधील विल्यम विदरिंग याने डिजिटॅलिस या वनस्पतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्यापुढचे रुग्ण 'जलशोथा'चे, म्हणजे पाण्याने फुगलेल्या देहाचे होते. औषध लागू पडले की लघवी मोकळी होई आणि देह ओसरे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लघवी वाढवणारी प्रभावी औषधे आली. आजही या रुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात, कारण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते बहुधा अन्नाचे नसून पाण्याचे असतात.

परंतु या रोगाची दुसरी चाल नेमकी उलट आहे. दीर्घकाळ थकलेले हृदय देह झिजवते. स्नायू वितळतात, छातीच्या फासळ्या दिसू लागतात, भूक मरते. ही झीज प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होती, आणि आधुनिक वैद्यकातील तिचे 'कॅकेक्सिया' हे नावही ग्रीकच आहे. १९९७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्टेफान अँकर आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन हृदयविफलतेच्या १७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे वजन, सूज नसताना, ७.५ टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांच्यापैकी निम्मे रुग्ण अठरा महिन्यांत दगावले. वय आणि हृदयाची ताकद हिशेबात धरूनही ही झीज स्वतंत्रपणे मृत्यूची सूचना देत होती.

आता एकाच रुग्णात या दोन्ही चाली एकदम चालू असल्याची कल्पना करावी. आतून मांस झिजत आहे, बाहेरून पाणी चढत आहे. तराजूचा काटा जागचा हलत नाही. आकडा स्थिर आहे आणि माणूस बुडतो आहे. 'वजन' या एका शब्दाखाली पाणी, मेद आणि मांस अशा तीन वस्तू एकत्र नांदतात, त्यांच्यात भेद करण्याचे सामर्थ्य त्या शब्दात नाही, ही या इतिहासातली पहिली अडचण.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाची एक बाजू आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ 'निंदित' देहप्रकारांचा एक अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विस्ताराने विचार येतो. दोघेही सदैव पीडित, असे सांगून ग्रंथकार पुढे म्हणतो की, या दोघांत कृश असणे बरे. कारण रोग आला की स्थूलाला त्याचा त्रास अधिक होतो. हा निर्णय हृदयविफलतेविषयी दिलेला नाही, आणि तो तसा ताणूही नये. पण स्थूल की कृश, कोणाचे बरे, हा प्रश्न अशा रीतीने मांडण्याची सवय फार जुनी आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याच प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर येणार आहे.

सरासरी माणूस

भागाकाराचा जनक वैद्य नव्हता. अडोल्फ केटले (१७९६-१८७४) हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ, ब्रसेल्सच्या वेधशाळेचा संस्थापक. ताऱ्याच्या स्थानाचे अनेक वेध घेतले की प्रत्येकात थोडी चूक असते आणि त्या चुका सरासरीभोवती विशिष्ट रीतीने विखुरलेल्या असतात, हे खगोलशास्त्राला माहीत होते. केटलेने हीच दृष्टी माणसांवर वळवली. जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे, उंची, वजन या साऱ्यांच्या नोंदी त्याने गोळा केल्या आणि १८३५ साली 'सरासरी माणूस' ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे त्याचे निरीक्षण त्याच काळातले.

केटलेला कोणाच्या आरोग्याचे निदान करायचे नव्हते. त्याला समुदायाचे नियम हवे होते. त्याच्या योजनेत एकेकटा माणूस म्हणजे सरासरीपासून ढळलेला एक वेध. हा नियम समुदायाचे वर्णन करण्यासाठी जन्मला आणि जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाच्या दाराबाहेरच राहिला.

वजनाला पैशाचे मूल्य दिले ते विमा कंपन्यांनी. विमा उतरवणारा किती वर्षे जगेल यावर कंपनीचा नफातोटा ठरतो. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२ साली स्त्रियांसाठी आणि १९४३ साली पुरुषांसाठी 'आदर्श' वजनांची कोष्टके काढली. उंची, आणि लहान, मध्यम वा मोठी 'चौकट' यांनुसार त्यांत वजने दिली होती. १९५९ साली ती सुधारण्यात आली आणि 'आदर्श'ऐवजी 'इष्ट' असा शब्द आला. विमेदारांच्या नोंदींतून, म्हणजे विमा परवडणाऱ्या वर्गातून, निघालेली ही वजने दवाखान्यांच्या भिंतींवर लागली. आदर्श वजनाच्या किती टक्के, ही मोजणी त्यानंतर कित्येक दशके वैद्यकात टिकून राहिली.

१९७२ साली अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे घेऊन वजन आणि उंची यांची वेगवेगळी गुणोत्तरे तपासली. केटलेचा भागाकार त्यांना इतरांपेक्षा सोयीचा वाटला. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्यांनी दिले. समूहांच्या अभ्यासासाठी तो उपयुक्त आहे, इतकाच त्यांचा दावा होता. मापे फक्त पुरुषांची होती, हेही येथे नोंदवले पाहिजे.

कीजच्या चरित्रातली एक गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, त्याने मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धाला नैतिक विरोध असलेले हे तरुण युरोपातील उपाशी जनतेच्या पुनर्वसनासाठी ज्ञान मिळावे म्हणून पुढे आले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि त्यांची हृदयेही लहान झाली. स्थूलतेच्या मोजपट्टीला नाव देणाऱ्या या माणसाने उपासमारीत हृदय कसे आक्रसते तेही पाहिले होते. पण वैद्यकाच्या दैनंदिन व्यवहारात त्याची मोजपट्टी जितकी पसरली, तितका तो उपासमारीचा अनुभव पसरला नाही.

टंचाई आणि यादी

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनच्या ग्रूट स्किर रुग्णालयात ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगले. त्यानंतरच्या वर्षभरात जगभर अशा शंभराच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत मुंबईही होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांच्या चमूने हृदय बदलले. रुग्ण काही तासांतच दगावला. बहुतेक ठिकाणी हीच गत होती, कारण देह परके हृदय स्वीकारीत नव्हता. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध १९८३ साली अमेरिकेत मान्य झाले आणि चित्र पालटले. भारतात १९९४ चा अवयवप्रत्यारोपण कायदा आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले.

यश आले आणि त्याच्याबरोबर टंचाई आली. जोवर शस्त्रक्रिया अपयशी होती तोवर रांग नव्हती. आता मागणारे अनेक आणि हृदये मोजकी. कोणाला द्यायचे? या प्रश्नाचा एक पूर्वेतिहास आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिसची मोजकी यंत्रे होती. ती कोणाला द्यावीत हे सात सामान्य नागरिकांची समिती ठरवी. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकातील लेखाने ती उजेडात आली. रुग्णाचा व्यवसाय, मिळकत, विवाह, चर्चमधला सहभाग हे सारे त्या समितीच्या विचारात येत होते. आपल्यासारख्यांनाच वाचवणारी समिती म्हणून तिच्यावर कठोर टीका झाली.

ही पार्श्वभूमी नजरेआड केली तर आकड्यावर अन्याय होईल. आकडा चर्चला जाण्याबद्दल विचारीत नाही, जात विचारीत नाही, ओळखपाळख पाहत नाही. मानवी लहरीपासून सुटका म्हणून निवडीच्या व्यवहारात आकडा आला आणि त्या मर्यादेत तो न्यायाचा साथीदार होता. शल्यचिकित्सकांची चिंताही खोटी नव्हती. स्थूल देहात जखम चिघळण्याचा, रुग्णालयातला मुक्काम लांबण्याचा धोका अधिक असतो. मिळालेले हृदय वाया जाऊ नये, ही दात्याप्रती असलेली जबाबदारी आहे.

हृदय व फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ साली सुचवले की, यादीत येण्यापूर्वी रुग्णाने बीएमआय ३० च्या खाली आणावा, किंवा आदर्श वजनाच्या १४० टक्क्यांच्या आत यावे. विमा कंपन्यांच्या जगातली मोजणी येथे पुन्हा भेटते. दहा वर्षांनी, २०१६ साली, त्याच संस्थेने ही मर्यादा ३५ वर नेली. या बदलाचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी ३० म्हणजे सुमारे ८७ किलो आणि ३५ म्हणजे सुमारे १०१ किलो. याच उंचीचा ९५ किलोंचा रुग्ण २००६ च्या सूचनेनुसार दाराबाहेर होता, २०१६ च्या सूचनेनुसार आत आला. त्याच्या देहात काहीही बदलले नव्हते. शिवाय त्या ९५ किलोंतले दहा किलो पाणी असेल, तर पाणी उतरल्यावर त्याचा बीएमआय २९ च्या आसपास येतो. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, प्रत्येक केंद्र आपल्या विवेकाने निर्णय घेते, हे खरे. पण रेषा एकदा छापली गेली की विवेकाला तिच्यापासूनचे अंतर मोजावे लागते.

मर्यादा का हलली? अमेरिकेतील प्रत्यारोपणांच्या नोंदींचे जे अभ्यास २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले, त्यांत दोन्ही टोकांना मृत्यू अधिक दिसले: अतिकृश रुग्णांत आणि ३५ च्या वरच्यांत. ३० ते ३५ मधले रुग्ण मात्र प्रत्यारोपणानंतर इतरांइतकेच जगत होते. त्याच सुमारास हेही दिसले की, स्थूल रुग्णांना हृदयासाठी अधिक काळ थांबावे लागते आणि ते मिळण्याची शक्यताही कमी असते.

येथे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला एक जुनी शंका आठवावी. प्रातिनिधिक संग्रहांवरून एखाद्या काळाचे साहित्य कसे होते हे आपण सांगू लागलो, तर संग्रहात जे आलेच नाही त्याचे काय? प्रत्यारोपणाचे निष्पन्न ज्यांना प्रत्यारोपण मिळाले त्यांच्यावरूनच मोजले जाते. जो यादीत आलाच नाही, वजन उतरवून या असे सांगून ज्याला परत पाठवले आणि जो धापेमुळे चार पावले चालू शकत नसल्याने ते उतरवू शकला नाही, त्याचा मृत्यू या निष्पन्नाच्या स्तंभात कोठेच येत नाही. 'स्थूल रुग्ण इतरांपेक्षा कमी जगतो का' हा एक प्रश्न. 'हृदय न मिळता तो जितका जगला असता त्यापेक्षा मिळून अधिक जगेल का' हा दुसरा. पहिला केंद्राच्या कामगिरीचा प्रश्न आहे, दुसरा रुग्णाचा. इतिहासात बराच काळ पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून वापरले गेले.

विरोधाभास

२००१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील टॅमारा हॉर्विच, ग्रेग फोनारो आणि सहकाऱ्यांनी प्रगत हृदयविफलतेच्या १२०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थूल रुग्ण लवकर दगावतील ही अपेक्षा होती. तसे झाले नाही. अधिक बीएमआय असलेल्यांची स्थिती वाईट तर नव्हतीच, काही अंगांनी बरी होती. पुढच्याच वर्षी, २००२ साली, फ्रेमिंगहॅम येथील ५८८१ व्यक्तींच्या अभ्यासाने दाखवले की, स्थूलतेमुळे हृदयविफलता होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. म्हणजे जे वजन रोग आणते, तेच रोग आल्यावर तारते? याला 'स्थूलतेचा विरोधाभास' असे नाव पडले. चरकसंहितेतला निर्णय येथे उलटा झाल्यासारखा दिसतो.

विरोधाभास हा अलंकार आपण विद्यार्थ्यांना शिकवतो तेव्हा सांगतो की, विरोध वरवरचा असतो, नीट पाहिल्यास त्याचा परिहार होतो. येथेही परिहाराचे अनेक प्रयत्न झाले. एक असा की, कमी वजनाच्या गटात रोगानेच झिजलेले रुग्ण असतात. ते बारीक आहेत म्हणून मरत नाहीत, मरणाच्या वाटेवर आहेत म्हणून बारीक झाले आहेत. दुसरा असा की, स्थूल माणसाला लवकर धाप लागते, म्हणून तो रोगाच्या आधीच्या टप्प्यावर वैद्याकडे येतो. तिसरा असा की, ज्यांची श्रम करण्याची क्षमता चांगली आहे त्यांच्यात वजनाचा फरक उरतच नाही. २०२३ साली जॉन मॅकमरे आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या औषधचाचणीतील रुग्णांच्या नोंदी पुन्हा वाचल्या. बीएमआयऐवजी कमरेचा घेर आणि उंची यांचे गुणोत्तर घेतले, आणि रोगाची तीव्रता दर्शवणाऱ्या इतर गोष्टी हिशेबात धरल्या, तेव्हा तो विरोधाभास नाहीसा झाला. विरोध देहात नव्हता, मोजपट्टीत होता. भागाकाराला पोटावरचा मेद आणि मांडीचा स्नायू यांतला फरक कळत नव्हता, आणि आपण त्याच्या उत्तराला निसर्गाचे कोडे समजत होतो.

यावरून 'वजन निरुपद्रवी आहे' असा निष्कर्ष काढणे हीही घाईच ठरेल. वजन घटवणाऱ्या नव्या औषधांचा इतिहास सावध करतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती टिकून आहे अशा ५२९ स्थूल रुग्णांपैकी ज्यांना सेमाग्लुटाइड दिले त्यांचे वजन सरासरी १३.३ टक्के उतरले आणि त्यांचा त्रासही कमी झाला. पण आकुंचनशक्ती खालावलेल्या, नुकत्याच रुग्णालयातून बाहेर आलेल्या ३०० रुग्णांवर त्याच कुळातल्या लिराग्लुटाइडची जी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात लाभ दिसला नव्हता. 'हृदयविफलता' हाही एकच शब्द आहे, आणि त्याच्याही पोटात अनेक अवस्था आहेत.

यंत्र आणि लहान देह

आतापर्यंत चर्चा अधिक वजनाची झाली. पंपाच्या इतिहासात अडचण दुसऱ्या टोकाला होती. १९८२ च्या डिसेंबरात युटा विद्यापीठात बार्नी क्लार्क यांना जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवण्यात आले. ते ११२ दिवस जगले. ते यंत्र भरदार पुरुषी छातीच्या मापाचे होते. लहान आवृत्ती १९८५ साली प्रथम एका स्त्रीच्या देहात बसवली गेली. मूळ हृदय जागेवर ठेवून त्याला मदत करणारे पंप पुढे आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या रीमॅच चाचणीत, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या १२९ रुग्णांपैकी पंप बसवलेले ५२ टक्के रुग्ण वर्षभर जगले. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. मात्र तो पंप पोटाच्या भिंतीत बसवावा लागे आणि त्यासाठी देहपृष्ठाचे क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर तरी असावे लागे.

देहपृष्ठाचे क्षेत्रफळ मोजण्याचे प्रसिद्ध सूत्र डेलाफिल्ड आणि यूजीन ड्यु बॉइस यांनी १९१६ साली दिले. ते अवघ्या नऊ व्यक्तींच्या मापांवर आधारलेले आहे. दीडशे सेंटीमीटर उंच आणि ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटरच्या खालीच येते. आपल्याकडील किती स्त्रिया या मापाच्या आहेत हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत २००८ पासून मान्यता मिळालेले, सतत प्रवाह देणारे लहान पंप आल्यावर हे दार बरेच उघडले. स्थूल रुग्णांच्या बाबतीत या पंपांचा अनुभव असा आहे की, त्यांच्या जगण्याचा कालावधी इतरांच्या जवळपास राहतो. मात्र पोटातून बाहेर येणाऱ्या तारेभोवती जंतुसंसर्ग आणि पुन्हा रुग्णालयात यावे लागणे हे अधिक घडते. काही केंद्रे पंपाचा उपयोग पुलासारखा करतात: पंप बसवायचा, रुग्णाला चालता करायचा, वजन उतरवायचे आणि मग यादीत घ्यायचे. पण पंपाने वजन आपोआप उतरत नाही; भूक परत आल्यावर कित्येकांचे वाढते.

पुण्यातले एक छायाचित्र

या साऱ्या इतिहासाला महाराष्ट्रातून मिळालेले एक उत्तर फार थोडक्यात दिलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या परिसरातील खेड्यांतल्या माता आणि बालके यांचा दीर्घ अभ्यास केला. दिसायला बारीक, पण मेदाचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीय देहाची कल्पना त्यातून पुढे आली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचे शेजारीशेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या देहातील मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या देहातील २१.२ टक्के. दोन आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव मिळाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे अधिकचे टप्पे सुचवले. भागाकार तोच; अर्थ मात्र देशागणिक बदलतो, याची ही अधिकृत कबुली होती.

प्रत्यारोपणाच्या व्यवहारातही असेच एक पाऊल पडले आहे. दात्याचे हृदय घेणाऱ्याला पुरेसे मोठे आहे की नाही हे पूर्वी मुख्यतः दोघांच्या वजनांवरून ठरवीत. पण दात्याच्या मेदाने त्याचे हृदय त्या प्रमाणात मोठे होत नाही. २०१४ पासून उंची, वजन, वय आणि लिंग यांवरून हृदयाच्याच अपेक्षित वस्तुमानाचा अंदाज बांधण्याची पद्धत पुढे आली. प्रश्न हृदयाचा असेल तर हृदयच मोजावे, ही साधी गोष्ट कळायला पहिल्या प्रत्यारोपणापासून जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

आम्हांला या इतिहासातून आकड्याविरुद्ध फिर्याद मांडायची नाही. सिअ‍ॅटलच्या समितीकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. आकडा नसेल तेथे ओळख, पैसा आणि पूर्वग्रह बोलू लागतात, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको. आमचे म्हणणे इतकेच आहे की, प्रत्येक आकडा हे एक वाक्य असते. ते कोणीतरी, कोणाविषयी, कशासाठी उच्चारलेले असते. केटलेने ते समुदायाविषयी उच्चारले, विमा कंपनीने गिऱ्हाइकाविषयी, कीजने निरोगी पुरुषांच्या गटांविषयी. रुग्णशय्येवरच्या एका माणसासमोर ते वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवणे म्हणजे संदर्भ सोडून उद्धृत करणे होय, आणि संदर्भ सोडलेल्या उद्धरणाला आपण आपल्या वर्गात गुण देत नाही. येथे तर पणाला लागलेले असते ते एका माणसाचे आयुष्य. म्हणून यादीवर नाव चढवण्यापूर्वी वा खोडण्यापूर्वी त्या ९५ किलोंत पाणी किती, मेद किती आणि मांस किती, हे विचारले गेलेच पाहिजे. तराजूला ते सांगता येत नाही. माणसाला विचारता येते.